लिओंच्या विणकर टेकडीवर अनवाणी

नागपूरच्या गांधीबागेतल्या आणि जवळच्या खाप्यातल्या माझ्या विणकर बंधुभगिनींनो, एक प्रश्न तुम्हाला आणि मला कुठेही गाठतो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत. "अजून हातानंच विणून राहिले का गा?" विचारणारा हसत असतो आणि आपण मान खाली घालतो. मी या प्रश्नाला सभांमधून कित्येक वर्षं उत्तरं दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घरी गेले, माग मोडले आणि मागाखालचे पाय सोडायचे खड्डे बुजवले.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या लेकीचा, उषाचा, जिनिव्हाहून ट्रंक कॉल आला. ती तिकडे इस्पितळात नर्स आहे. फ्रान्समधल्या नदीवरून जाणाऱ्या बोटीची तिनं आम्हा दोघांची तिकिटं काढली होती. मी नाही म्हणणार होतो. माझी बायको सिंधू म्हणाली, "तुमी राहा भाषण देत. मी चालली."

निघण्याआधी आम्ही तिच्या माहेरी, खाप्याला गेलो. सासरे खड्ड्यात पाय सोडून, ताण्याच्या उभ्या धाग्यांतून धोटा फेकत मागावर बसले होते. सिंधूचा धाकटा भाऊ वसंता दारातूनच म्हणाला, "बाबाचा हा शेवटचा ताणा, ताई. हा उतरला का खड्डा बुजवतो अन् पीठगिरणी लावतो." सासऱ्यांनी हातातला धोटा थांबवला नाही. विमानात बसेपर्यंत सिंधूचा चेहरा उतरलेला होता.

बोटीचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाची मुलं तुम्हाला असंच बोलावतील. केबिन आपल्या देवघराएवढी. शाकाहारी आहोत हे पहिल्याच जेवणाला सांगावं, नाहीतर आमच्यासारखे दोन दिवस पाव आणि बटाट्यावर काढावे लागतात. चिवडा आणि लोणचं सोबत ठेवावं. चिवडा तिथल्या शेजाऱ्यांनाही आवडतो, म्हणून जरा जास्तच.

सकाळी डेकवर आलो तेव्हा बोट लिओं शहराच्या धक्क्याला लागली होती. इथे दोन नद्या एकत्र येतात, रोन आणि सोन. दोन्हींवर पुलामागून पूल आणि काठाला ओळीनं उभ्या उंच, फिकट रंगाच्या इमारती. वर टेकडीवर पांढरं चर्च. बाकीचे प्रवासी तिकडे निघाले. उषा म्हणाली, "बाबा, आपण दुसऱ्या टेकडीवर जायचं. ती आपल्या लोकांची आहे."

त्या टेकडीचं नाव क्रुआ-रूस. दातेरी रुळावरची छोटी गाडी वर नेते. चढ उभा आहे, गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांच्या नादी लागू नका. वर पोचल्यावर मी घरं पाहिली आणि रस्त्यातच थांबलो. साधी, मजुरांची घरं, पण एकेका मजल्याची खिडकी आपल्या दोन मजल्यांएवढी. उषानं सांगितलं की इथले माग इतके उंच असत, की माणसांसाठी नव्हे, मागांसाठी ही छतं उंच ठेवली. आपण घरात मागाला जागा करतो. या लोकांनी आधी माग मोजला आणि मग भोवती घर बांधलं, अख्खी टेकडीभर. मला बोलायचं होतं, शब्द येईना.

"आज पह्यल्यांदा तुमचा आवाज बसला," सिंधू म्हणाली.

एका इमारतीत अजून माग चालतो आणि पाहायला देतात. मोठ्या दरवाजाशी आल्याबरोबर सिंधूनं चपला काढून बाजूला ठेवल्या. मागाच्या घरात चपला घालून जाणं तिला जमलंच नसतं. मीही बूट काढणार होतो, पण लेस सोडवेपर्यंत दोघी आत गेल्या होत्या.

वरच्या खोलीत साठीची एक बाई विणत होती. माग छताला टेकलेला. वर नक्षी ठरवणाऱ्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती आणि खाली रेशमात एकेक पाकळी उमलत होती. सिंधू वाकून मागाखाली बघायला लागली.

"काय शोधतेस, आई?"

"खड्डा वं. यायचे पाय कुठी जाते?"

उषानं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बाईनं हसून आपले पाय दाखवले, मग सिंधूचे अनवाणी पाय पाहिले आणि पाय दुखतात असं समजून खुर्ची आणली. खुलासा होईपर्यंत सिंधू त्या खुर्चीवर अवघडून बसली होती. मग बाईनं सिंधूच्या साडीचा पदर बोटांत धरला, उलटा केला, पाठीमागचे धागे पाहिले.

"कोणी विणलं, विचारते आहे," उषा म्हणाली.

"माह्या बापानं."

"नाव विचारते आहे."

साडी कोणी विणली, त्याचं नाव काय, हे सिंधूला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग ती हळू म्हणाली, "गोविंदा." बाईनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि आम्हाला भिंतीपाशी नेलं. तिथे रेशमात विणलेलं एक चित्र होतं, छापील वाटावं इतकं बारीक. तिनं खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे विणकराचं नाव होतं, त्याच रेशमात, त्याच मागावर विणलेलं.

मग तिनं आम्हाला जिन्यानं खाली नेलं. तिथून एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, बोळांमधून, कमानींखालून. पावसाचा थेंब लागू नये म्हणून विणकर रेशमाचे गठ्ठे घरांच्या पोटातून असे नेत. दीडशे वर्षांपूर्वी मजुरीचा दर मागायला काळं निशाण घेऊन हेच विणकर या टेकडीवरून उतरले. सैन्यानं त्यांना चिरडलं, पण शहर त्यांना विसरलं नाही. त्या दगडांना मी हात लावून पाहिला.

बाहेर आलो तर रस्ता वेगळाच. खूप खालचा. सिंधूच्या चपला वरच्या दारात राहिल्या होत्या.

"आणते मी," उषा म्हणाली, पण बोट सुटायची वेळ झाली होती.

"राहू दे. विणकराच्या गावातून अनवाणीच जाईन," सिंधू म्हणाली आणि ती फरसबंदीवरून ताठ चालत धक्क्यापर्यंत आली. तुम्ही गेलात तर लक्षात ठेवा: लिओंत शिरतो त्या दारानं माणूस बाहेर पडतोच असं नाही.

नागपूरला उतरल्यावर सिंधू दुसऱ्याच दिवशी खाप्याला गेली. ताणा अजून मागावर होता. तिनं सासऱ्यांना पदरावर नाव विणायला सांगितलं.

"कोण वाचते वं? बाया तं पदर खोचून ठेवते," सासरे म्हणाले. पण विणलं. वसंतानं पाटीवर अक्षरं काढून दिली आणि त्यांनी एकेक अक्षर धाग्यानं भरलं.

ती साडी वसंता गांधीबागेच्या कापडबाजारात घेऊन गेला. व्यापाऱ्यानं साडी पसंत केली. नावावर आला आणि म्हणाला, "हे काहून? एवढा तुकडा कापून टाक, मंग घेतो."

वसंता संध्याकाळी साडी घेऊन परत आला. त्या दिवशी मीही खाप्याला होतो, आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो.

"नाही घेतली?" सिंधूनं विचारलं.

"मीच नाही दिली. बापाचं नाव कापून मांगत होता." एवढं बोलून त्यानं पिशवी सासऱ्यांपुढे ठेवली. पिशवीत नव्या ताण्याचं सूत होतं.

तो खड्डा आज उघडा आहे. किती दिवस, मला ठाऊक नाही, आणि खोटी हमी मी देणार नाही. पण माझ्या एकाही भाषणानं जे केलं नाही ते नावाच्या तीन अक्षरांनी केलं. म्हणून या वेळी तुमच्याकडे मोर्चा मागत नाही, ठराव मागत नाही. येत्या दसऱ्याला मागाची पूजा झाली, की त्याच मागावर बसा आणि पदराच्या कडेला आपलं नाव विणा.