सुमनबाईंचे बोलणे

नव्या रेक्झिनचा वास मला आता सहन होत नाही. कार्तिकातल्या सकाळी, सोयाबीन निघून गेलेल्या रानावर कोवळे ऊन पसरलेले असताना, बांधाबांधाने तुरीला पिवळा बहर आलेला असताना आणि वाऱ्यावर मळणीनंतर उरलेल्या वाळल्या कुटाराचा गंध तरंगत असताना, आमच्या शाळेच्या एका कुलूपबंद खोलीतून तो वास येऊ लागला की मी ओळखते, पाहुणे येणार. दप्तरे त्यांच्या दोन दिवस आधी पोचतात. साठ मुलांसाठी साठ दप्तरे, प्रत्येकावर एक बर्फाच्छादित पर्वत आणि त्याखाली उज्ज्वल भवितव्याविषयी इंग्रजीतले एक वाक्य, जे आमच्यापैकी कुणीही अद्याप शेवटपर्यंत वाचलेले नाही.

मेहकरपासून अर्ध्या तासावरच्या या गावात मी चौदा वर्षे शिकवते आहे. जगभरच्या गरीब आणि संकटग्रस्त देशांतील मुलांना शाळेची वाट मोकळी करून देण्याचे व्रत घेतलेल्या एका संस्थेच्या यादीत आमचे गाव कसे गेले, कोण जाणे. पण गेले ते गेले, आणि तेव्हापासून दर वर्षी तिची पांढरी गाडी धूळ उडवीत येते. मुलांच्या घरी आता खुंटीला तीन-तीन दप्तरे आहेत. एकात कांदे, दुसऱ्यात लसूण, तिसऱ्यात कोंबडीने अंडी घातलेली. परंतु दप्तर नसलेल्या मुलालाच दप्तर देता येते, हे उघड आहे, म्हणून गावाने आपणहून एक रीत पाडून घेतली: पाहुणे यायच्या दिवशी दप्तर घरी ठेवायचे आणि पुस्तके खताच्या रिकाम्या पिशवीत घालून आणायची. हे कुणी कुणाला सांगत नाही. पहिलीतले पोरही त्या दिवशी बिनचूक पिशवी घेऊन येते. आमच्या शाळेत सर्वांना सारखाच पक्का झालेला धडा कोणता, असे कुणी विचारले तर मी हाच सांगेन.

पाहुण्यांना त्या पिशव्या फार आवडतात. ते गुडघ्यांवर बसून त्यांची छायाचित्रे घेतात. त्यांच्यात एक रुपेरी केसांची परदेशी बाई असते, तिच्यासोबत बंगळूरहून आलेले दोन तरुण, ज्यांना मराठीचे अक्षर कळत नाही आणि न कळण्याचे दुःखही नाही. त्या बाईला रडता फार सुंदर येते. डोळे भरतात, पण ओघळत नाहीत. त्या पाण्यात आमची कौलारू शाळा किती केविलवाणी दिसत असेल, याची मला कल्पना आहे. छताची दोन कौले निसटली आहेत, हे मी पहिल्या वर्षी तिला दाखवले होते. तिने त्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेचे छायाचित्र घेतले.

या सोहळ्यात माझेही एक काम असते. गावात इंग्रजी बोलणारी मी एकटी. मुख्याध्यापक म्हणतात, "मॅडम, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही," आणि मी, खरे सांगायचे तर, त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असे या मंडळींना मनातल्या मनात म्हणत मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहते आणि त्यांची वाक्ये मराठीत, गावाची इंग्रजीत करीत असते. माझा तिरस्कार अशा वेळी अगदी निर्मळ असतो. दुरून पाहणाऱ्याला तो आदरच वाटावा.

गेल्या वर्षी सुमनबाई पुढे आल्या. सुमनबाई आणि त्यांचा नवरा दर वर्षी दिवाळी उरकली की ऊसतोडीला जातात, घाटापलीकडे, पार होळीपर्यंत. त्यांची मुलगी सारिका माझ्या सातवीत होती. मोठ्याने वाचताना ती स्वल्पविरामालाही थांबते. पूर्णविरामाला तर ती असा श्वास घेते की पुढचे वाक्य ऐकायला सगळा वर्ग मान वर करतो. घरात तिला सांभाळणारी आजी त्याच उन्हाळ्यात वारली होती. म्हणजे सारिकालाही फडावर जाणे आले, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी थापणे आणि धाकट्या भावाला कडेवर वागवणे आले. तिची थोरली बहीण सातवीतूनच अशी गेली होती. ती पुन्हा वर्गात बसली नाही. पुढल्या वर्षी तिचे लग्न झाले. जाणाऱ्यांच्या मुलांनी गावातच राहावे म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह काढण्याचा आमचा प्रस्ताव वर गेला होता, आणि वरच राहिला होता.

हे सारे सुमनबाईंना ठाऊक होते. ट्रक परवा येणार होता. हंगामोहंगाम उसाच्या पाचटाने चिरलेले हात पदरात झाकून त्या परदेशी बाईसमोर उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मॅडम, या बाईले सांगा, दप्तर नोको. पोरीले रातच्याले निजाले एक खोली पाह्यजे अन् एका टायमाची भाकर. दुपारची खिचडी त शाळेत भेटतेच. ज्या खोलीत तुमी हे दप्तरं कोंडून ठेवता, तेच खोली द्या म्हना. होळीपरेंत. मंग आमी येतोच."

इतकी नेमकी, इतकी स्वस्त आणि इतकी शक्य मागणी मी त्या अंगणात कधी ऐकली नव्हती. साठ दप्तरांच्या मोलात एक स्वयंपाकीण होळीपर्यंत सहज निभावली असती. पण सकाळीच मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "मागणी-बिगणी येऊ देऊ नका, मॅडम. पाहुणे बिथरले तर पुढल्या वर्षी गाव यादीतून जाईल." आणि त्यांचे नाव मी उगाच का पुढे करावे? पाहुण्यांचा छायाचित्रकार सज्ज होता, ऊन सुमनबाईंच्या चेहऱ्यावर नेमके पडले होते, आणि माझ्या ओठांवर एक सुंदर इंग्रजी वाक्य आधीच तयार होते. मी म्हणाले, ही आई म्हणते आहे की तिच्या मुलीच्या पाठीवर तुम्ही केवळ दप्तर नाही, तर आकाश ठेवले आहे. असले काहीतरी. व्याकरणात एकही चूक नव्हती.

परदेशी बाईचे डोळे भरले आणि या वेळी ओघळलेदेखील. तिने सुमनबाईंचे दोन्ही हात हातात घेतले, पुनःपुन्हा मान हलवली, सारिकाला जवळ ओढले. टाळ्या झाल्या. सुमनबाईंनी माझ्याकडे पाहून हळूच विचारले, "हाव म्हनल्या न त्या?" मी हसले. हसणे हे कुठल्याच भाषेत खोटे ठरत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा सारिका व्हरांड्यात बसली होती, शेजारी दोरीने बांधलेली गोधडी, एक ताट, एक तांब्या. सुमनबाई ती रिकामी झालेली खोली झाडत होत्या. त्यांनी उंबऱ्याशी पाणीही शिंपडले होते. पाराजवळ ट्रक उभा होता, त्यावर भांडी, शेळ्या आणि माणसे चढत होती, आणि दर थोड्या वेळाने चालक भोंगा वाजवीत होता. मुख्याध्यापक कुठे दिसेनात. सांगायला मीच उरले. मी सांगितले की पाहुण्यांनी नाही म्हटलेले नाही, कारण मी त्यांना विचारलेच नाही. मी त्यांना दुसरेच काही सांगितले.

सुमनबाईंनी खराटा भिंतीला टेकवून ठेवला. मला वाटले त्या ओरडतील, आणि मला ते हवे होते. त्या म्हणाल्या, "मले वाटलंच होतं थोडंसं. मी भाकर म्हनलं अन् ते बाई रडाले लागली. भाकरीले कोनी रडते का, मॅडम?" मग त्यांनी गोधडी डोक्यावर घेतली. सारिकाने ताट आणि तांब्या घेतला, जाताना मला सवयीने नमस्कार केला, आणि मराठीचे पुस्तक तेवढे सोबत नेऊ का, असे विचारले. मी हो म्हटले.

ट्रक वळणाआड गेल्यावरही बराच वेळ धूळ तुरीच्या फुलांवर बसत राहिली. मी वर्गात जाऊन हजेरी घेतली. होळी झाली, पाडवा झाला, बाकीची कुटुंबे परतली. सुमनबाई आल्या, धाकटा आला. सारिका तिकडेच, घाटापलीकडे, एका नात्यातल्या घरी राहिली, असे कळले. अधिक विचारण्याचा अधिकार मला नव्हता, आणि धाडसही नव्हते.

संस्थेचे पत्र परवाच आले. माझ्या त्या वाक्याने परदेशात अनेकांची मने हेलावली, यंदाही भाषांतराला मीच हवी, असे त्यात आहे. त्यांना मी चार शेलक्या शब्दांत उत्तर लिहायला बसले, आणि लेखणी अडली. मेहकरला माझ्या घरी मुलगा पुण्याला गेल्यापासून एक खोली रिकामी आहे, तिच्यात पलंग आहे, टेबल आहे, खिडकीतून सकाळचे ऊन येते. आणि शाळेत मी रोज माझ्या स्कूटरवर एकटीच जाते. हे मला ट्रक गेल्यानंतर सुचले, असे लिहिता आले असते तर किती बरे झाले असते. सुमनबाई शाळेतली ती खोली झाडत होत्या तेव्हाच मला ते आठवले होते.