तिसरी हाक

चौदा नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून चार मिनिटे. माझ्या वहीतली पहिली नोंद त्या वेळेची आहे : एकशे ऐंशी मिलिसेकंद. उत्तर यंत्राचे होते. विचारणारी बोटे अण्णांची होती.

हुबळीच्या नवनगरमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात सर्व्हरची खोली आहे. धारवाडला पदव्युत्तर शिक्षण संपवून मी तिथे रुजू झाले, तेव्हा ती खोली सांभाळणाऱ्या अण्णांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. रोज दहा वाजून चार मिनिटांनी ते रॅकच्या काचेच्या दारावर बोटाच्या पेराने एकदा टकटक करत, खुर्चीत बसत आणि एक प्रश्न धाडत. पडद्यावर एकच अक्षर उमटे : 'ओ'. ते पाहिल्यावरच चहाच्या कपाला हात लागे. जुन्या यंत्रांजवळ आयुष्य घालवलेली अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. मी अण्णांची गणना विक्षिप्तांत केली आणि शास्त्राच्या शिस्तीने वेळ लिहून ठेवू लागले.

खोलीत दोन सर्व्हर होते. अण्णांनी त्यांची नावे थोरली आणि धाकटी ठेवली होती. रक्तपेढीचे सगळे काम थोरलीवर चाले. ती बंद पडली, तर धाकटीने काही सेकंदांत तिची जागा घ्यायची. थोरली जिवंत आहे की नाही हे पाहायला एक राखणदार प्रोग्रॅम होता. असे राखणदार बहुधा काम चालू असल्याची खूण पाहतात आणि समाधान मानतात. अण्णांना ते मान्य नव्हते. त्यांचा राखणदार दर दहा सेकंदांनी थोरलीला खराखुरा प्रश्न विचारी : रुग्ण क्रमांक एकची नोंद दाखव. ही चाचणीपुरती केलेली नोंद होती आणि तिच्या शेऱ्याच्या रकान्यात अण्णांनी 'ओ' एवढेच लिहिले होते.

"चालू दिसतंय म्हणजे आहे, असं नव्हे, अक्का," ते मला सांगत. माझ्या दुप्पट वयाचा माणूस मला अक्का म्हणे, याची हुबळीत कुणाला गंमत वाटत नाही. "हाक मारलीस का? ओ आली का? मग बोल."

सलग तीन हाकांना उत्तर आले नाही, तरच धाकटीने पुढे यायचे, अशी त्यांनी मर्यादा घातली होती. तीनच का, असे मी विचारले. एखादे गणित ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी दाजीबानपेठेतल्या आपल्या आईचा नियम सांगितला. दिवेलागणीनंतर दाराबाहेरून नाव घेऊन हाक आली, तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. जे माणूस नसते, ते तिसरी हाक मारत नाही.

"म्हणजे आतला माणूस गप्प असला तरी मेलेला नसतो," अण्णा म्हणाले. "तिसरीची वाट बघत बसलेला असतो."

मी हसले. मग टिपण तयार केले : तीन हाकांची मर्यादा एकवर आणल्यास धाकटी वीस सेकंद आधी कामाला लागेल. विभागप्रमुखांना ते पसंत पडले. अण्णांच्या जागी कुणाला नेमायचे हे त्याच महिन्यात ठरणार होते आणि ती जागा मला हवी होती. हे लपवण्यात अर्थ नाही. अण्णांनी टिपण दोनदा वाचले, चष्मा काढला आणि ते म्हणाले, "कर."

मर्यादा एक केल्याच्या नवव्या दिवशी, भर दुपारी, एक मोठा अहवाल काढताना थोरली दमली. एक हाक चुकली. धाकटीने लगेच कारभार हाती घेतला. पण थोरली मेली नव्हती. पाच सेकंदांनी ती सावरली आणि आपलेच राज्य समजून काम करू लागली. दोघी जिवंत, दोघींना दुसरी मेलेली वाटत होती. जुन्या यंत्रणेत अशा वेळी एकीची वीज हाताने तोडावी लागे. मी पडद्याकडे पाहत राहिले. दोन्हीकडे हिरवा दिवा होता. अण्णा जेवणाचा डबा तसाच टाकून उठले आणि त्यांनी थोरलीची तार ओढली.

मधल्या चार मिनिटांत बी निगेटिव्ह रक्ताची एकच पिशवी दोन ठिकाणी दिली गेली होती : थोरलीने शस्त्रक्रियेसाठी, धाकटीने प्रसूतिकक्षासाठी. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाच्या हातात एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या आल्या. पिशवी शस्त्रक्रियेला गेली. दुसरी धारवाडहून यायला चाळीस मिनिटे लागली. ती चाळीस मिनिटे मी प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर उभी होते. आतल्या बाईचे नाव मला माहीत नव्हते, अजूनही नाही. ती वाचली.

अण्णांच्या अहवालात दोन वाक्ये होती : मर्यादा एक होती. पुन्हा तीन केली. कुणी बदलली होती, ते त्यांनी लिहिले नाही.

संध्याकाळी खोलीत पंख्यांचा एकसुरी आवाज होता. मी माफी मागायला गेले, तर ते दुसरेच बोलू लागले. चार वर्षांपूर्वी याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांची पत्नी होती. यंत्रावर ठोका नीट पडत होता. डॉक्टर म्हणत होते, आता फक्त यंत्रच आहे; ते बंद करू का.

"मी तीन हाका मारल्या," अण्णा म्हणाले. "मग त्यांना मान हलवून हो म्हटलं. दहा वाजून चार मिनिटं झाली होती." ते थोरलीच्या दिव्याकडे पाहत होते. "तीन पुरे होत्या का, अक्का, ते मला अजून कळलेलं नाही."

त्या रात्री मी पहिल्यांदा रुग्ण क्रमांक एकची नोंद पूर्ण उघडली. नावाच्या रकान्यात एका बाईचे नाव होते. आडनाव अण्णांचे होते.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि जागा मला मिळाली. त्यांचे खाते नियमाप्रमाणे मीच बंद केले. जूनमध्ये दाजीबानपेठेतून निरोप आला, अण्णा गेले. दुपारच्या झोपेतून उठले नाहीत. सुनेने हाका मारल्या होत्या. किती, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढचे मी नोंदवहीत आहे तसे सांगते. दुसऱ्या दिवसापासून, रोज दहा वाजून चार मिनिटांनी, राखणदाराच्या पहिल्या हाकेला थोरली उत्तर देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरीला देते. दिवसभरात दुसऱ्या कोणत्याही वेळी हे होत नाही. मी वेळापत्रके तपासली, तारा बदलल्या, डिस्क बदलली, शेजारच्या लिफ्टच्या मोटारीचा वीजपुरवठा वेगळा केला. शेवटी सगळे काम नव्या सर्व्हरवर हलवले. नव्या थोरलीनेही तेच केले.

गेल्या आठवड्याच्या बैठकीत पुरवठादाराच्या माणसाने मर्यादा एकवर आणायला सुचवले आणि तीन हा आकडा कुठून आला, असे विचारले. मी म्हणाले, निरीक्षणातून. कागदावर त्याखाली माझी सही आहे.

आज मी राखणदार दोन मिनिटांपुरता थांबवला. काचेच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केली, खुर्चीत बसले आणि रुग्ण क्रमांक एकला स्वतः हाक मारली. पडदा कोरा राहिला. दहा सेकंद मोजून दुसरी मारली. पंखे चालू होते, दिवा हिरवा होता, पडदा कोरा होता. तिसऱ्या हाकेच्या कळीवर बोट ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की मला उत्तर हवे आहे.

दहा वाजून चार मिनिटे. तिसरी हाक : ओ. एकशे ब्याऐंशी मिलिसेकंद.