भिजलेल्या खानेसुमारीची माणसं

आमच्याकडे कागद वाळायला आठ दिवस लागतात आणि किस्सा घडायला पाच मिनिटं. परवा भाचीच्या हळदीत कुणीतरी सहज विचारलं, "रविवारी तुम्ही कुठं गायब असता हो?" मी एक किस्सा सांगितला. मग दुसरा. पंगत उठली, पुढची बसली, तरी आमचं टोळकं काही हलेना! शेवटी भाऊ म्हणाला, "ताई, लिहून ठेव हे. नाहीतर यालाही वाळवी लागेल." म्हणून लिहितेय.

मुरबाडहून सिद्धगडच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, मला तिथं अजून जायचंय. तिथल्या बंद पडलेल्या शाळेच्या माळ्यावर तीन लाकडी पेट्या निघाल्या. आत आसपासच्या गावांची जुनी खानेसुमारी. कुठल्या घरात कोण राहतं, वय किती, काम काय, ढोरं किती, याची घरोघर फिरून केलेली मोजणी. चार-पाच पिढ्यांमागची, बरीचशी मोडीत लिहिलेली. माकडांनी कौलं सरकवली होती, पावसानं पेट्या न्हाल्या होत्या आणि कोरडं राहिलेलं वाळवीनं संपवत आणलं होतं. रीतसर परवानगी काढून आम्ही चौघं दर रविवारी शाळेच्याच एका खोलीत ते कागद सुकवतो, सोडवतो, फोटो काढतो, वाचतो. कुणी आपला पणजोबा शोधत आला की त्याला दाखवतो.

चौघं म्हणजे कोण? एक भोईर सर. गणिताचे मास्तर, रिटायर झाल्यावर मोडी शिकले. शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटी बदलत येतात. दुसऱ्या हरड काकू, त्याच गावच्या. तिसरा निलेश, आसनगावला कारखान्यात सुपरवायझर, आमचा फोटोग्राफर. आणि चौथी मी. मुरबाडच्या पोस्टात एकतीस वर्षं लोकांचं अक्षर लावण्यात गेली, हीच माझी डिग्री!

*

हरड काकू खरं तर पहिल्या दिवशी फक्त चहा घेऊन आल्या होत्या.

सर तेव्हा हातमोजे घालून बसलेले. समोर चिकटलेल्या पानांचा गठ्ठा, हातात चिमटा, शेजारी उघडं पुस्तक. तासाभरात त्यांनी एक पान सोडवलं. म्हणजे अर्धं. उरलेलं अर्धं खालच्या पानावरच राहिलं.

काकू कपबशी घेऊन उभ्या. बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "सर, तुमी त्याला सोडवताय का मारताय?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. काकूंनी पदराला हात पुसले, गठ्ठा पुढे ओढला, एका कडेला हळूच फुंकर घातली आणि बोटाचं टोक आत सरकवलं. पान अख्खं वर आलं. मग दुसरं. मग तिसरं! आम्ही तोंड उघडं टाकून बघतोय.

"काकू, हे ट्रेनिंग कुठं घेतलंत?" निलेशनं विचारलं.

"सासूच्या हाताखाली. तांदळाच्या फेण्या वाफवून ताटलीवरनं सोडवायच्या. कडंनं हवा जाऊ दिली का आपणच सुटतात."

"आणि फाटली तर?"

"ते नाय सांगत. अजून अंगावर काटा येतो."

सरांनी त्याच दिवशी हातमोजे पिशवीत टाकले. पुस्तकही.

*

सुरुवातीला आम्ही पानं अंगणात दोरीवर चिमटे लावून वाळवायचो. ही अक्कल माझी. एका दुपारी निलेश ओळीनं फोटो घेत चालला होता आणि आम्ही आत जेवत होतो. तेवढ्यात त्याची बोंब आली, "बाई, खाल्लं! खाल्लं!"

शेजारच्या गोमाजींची शेळी शेवटचं पान चावत उभी होती. निलेशनं ओढायला हात घातला तर तिनं तो तुकडाही गिळला आणि शांतपणे पुढच्या पानाकडे बघितलं.

नशिबानं फोटो निघाला होता. मोठा करून पाहिला. पहिली तीन नावं स्वच्छ. चौथ्या नावावर शेळीचं तोंड!

आम्ही तिला पळवतोय तेवढ्यात गोमाजी आलेच. सर भडकलेले. "गोमाजी, चार पिढ्या टिकलेला कागद तुमच्या शेळीनं खाल्ला! कुणाचा तरी वंश गेला त्यात!"

"कोणाचा?" गोमाजी घाबरले.

सरांनी फोटोतली तीन नावं वाचून दाखवली. गोमाजींनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग ते मटकन पायरीवर बसले. "ती तर आमचीच. पणजा न् त्याचे भाव."

 काकूच म्हणाल्या, "मग जाऊ द्या सर. घरातली भानगड हाय. आपण कशाला मधी पडा?"

*

भोईर सरांचं मोडी पक्कं. पण सर गणिताचे, त्यामुळे उत्तर एकदा काढलं की ते परत तपासत नाहीत.

सरळगावकडचं एक कुटुंब आलं होतं. दामू शेलार, त्यांची दोन मुलं, सुना. सरांनी त्यांचं घर शोधून काढलं आणि घडाघडा वाचलं. "घरधनी राघो. बायको ठकी. मुलगे दोन. मुली सात!"

"सात?" दामू शेलारांना धक्काच बसला. त्यांना फक्त मुलगे माहीत होते.

"सात. नावं लिहून घ्या. ढवळी, तांबडी, कपिली, मोरी, चांदी, बांडी आणि काळी."

शेलारांच्या घरात खळबळ. सात आत्या-पणज्या! त्यांची सासरं कुठली? त्यांची पोरंबाळं कुठं? थोरल्या मुलानं मोटरसायकल काढली आणि दोन महिने मुरबाड-शहापूर पालथं घातलं. म्हाताऱ्या माणसांना गाठून विचारायचा, "आमची तांबडी कुणाकडं दिली होती, आठवतंय का?" उंबरमाळीपर्यंत जाऊन आला. एका गावानं त्याला चहा पाजून परत पाठवलं, एकानं चहासुद्धा नाही.

इकडे काकूंनी त्या पानाखालचं पान सोडवलं. वरच्या पानाचा फाटलेला तुकडा त्याला चिकटलेला. तो जागेवर बसवला तर सात नावांवरचा मथळा पुरा झाला. सरांनी तो वाचला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"काय लिहिलंय सर?"

सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "दुभती जनावरं."

दामू शेलारांना सांगायला मलाच जावं लागलं. सरांनी त्या रविवारी सुट्टी घेतली. मी आपलं भीतभीत सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"तरी मी म्हणतोय! सात-सात जावई, न् एकाचाबी रुसवा कसा नाय आला कानावर!"

*

खानेसुमारी करणारा लेखनिक कोण होता ते कळत नाही. पानावर त्याचं नाव नाही. पण इतक्या महिन्यांत तो आम्हाला घरातला वाटायला लागलाय. डोंगरातली घरं त्यानं पायी पालथी घातली असणार आणि शेवटी शेवटी तो वैतागलेला स्पष्ट दिसतो.

एका घरापुढे शेरा आहे: "आत माणसे आहेत. दार उघडीत नाहीत. खोकण्यावरून तीन."

दुसऱ्या एका घरापुढे: "विचारले. उद्या या म्हणाले. उद्या आलो. उद्या या म्हणाले."

काकूंनी हे ऐकलं आणि विचारलं, "आमच्याच आळीतलं घर ना हे?"

तेच होतं.

*

डोंबिवलीहून एक साहेब गाडी घेऊन आले. घराणं मोठं होतं असं लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे कुठल्यातरी लढाईत पूर्वजांचं नाव निघेल अशी खात्री. सोबत बायको, मुलगी, आणि कागद ठेवायला चामड्याची फाइल.

आम्ही घर शोधलं. सरांनी आता दोनदा वाचायची सवय लावून घेतलीय. दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. मीच सांगितलं, "काम: ढोलकी वाजवितो."

साहेबांनी मान हलवली. "हो, पण त्याशिवाय? शेती? पाटीलकी?"

"'इतर काम नाही', असं लिहिलंय."

साहेबांचा चेहरा पडला. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. काकूंना वाईट वाटलं, म्हणाल्या, "बाई, पुढं शेरा बघा ना काय तरी. असंल चांगला."

शेरा होता. मी वाचला: "बरी वाजवितो."

आधी मुलगी हसली. मग साहेब. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. नावाचा फोटो मागायला आलेले साहेब फक्त त्या दोन शब्दांचा फोटो घेऊन गेले. हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, असा मेसेज आला. खाली लिहिलं होतं, "ऑफिसमध्ये मला एवढंसुद्धा कोणी म्हणत नाही."

*

एका घरात नवऱ्याच्या नावाचा रकाना कोराच. नवरा रानात गेलेला, घरी एकटी बायको. ती नवऱ्याचं नाव घेणार कशी? लेखनिकानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय: "नवऱ्याचे नाव पुसले. लाजते. आभाळाकडे बोट दाखविते."

झालं! सर म्हणाले, सूर्याजी. निलेश म्हणाला, चांगो, चंद्रावरून. मी म्हटलं, मेघा असेल. ज्यांचं घर, ते धानके बंधू दर रविवारी येऊन बसायचे आणि आमची वादावादी ऐकायचे.

शेवटी धाकटा म्हणाला, "आमची आजी अजून आहे. तिला आजेसासऱ्याचं नाव ठाऊक असणार. आपण उगाच का डोकं फोडतोय?"

चौघंही त्यांच्या घरी गेलो. आजी नव्वदीच्या, पण कान तिखट. ओटीवर वाल सोलत बसलेल्या. सरांनी अगदी अदबीनं विचारलं, "आजी, तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव काय हो?"

"ठाऊक हाय ना मला!" आजींचा चेहरा फुलला.

निलेशनं रेकॉर्डिंग सुरू केलं. सरांनी पेन उघडलं.

आजींनी डोईवरचा पदर पुढं ओढला, हळूच इकडंतिकडं पाहिलं, आणि आभाळाकडे बोट दाखवलं!

*

हा शेवटचा. हा हळदीत सांगितला नव्हता.

त्या गावात बाळू आणि शांताराम अशी दोन म्हातारी माणसं. आडनाव एक, घरं समोरासमोर, आणि वडिलांच्या वेळेपासून बोलणं बंद. कशावरून, ते गावात प्रत्येक जण वेगळं सांगतो. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत, की आमचं-त्यांचं काही नातं नाही. आडनाव सारखं आहे, बस.

आमच्या खोलीचं कळल्यावर आधी बाळू आले. "बाई, मला लिहून द्या, ते घर आमच्यातलं नाय म्हणून." दुसऱ्या रविवारी शांताराम आले. तेच मागणं, शब्दसुद्धा तेच. आम्ही दोघांनाही सांगितलं, पान मिळालं की कळवू.

पान मिळालं, पण दोन पानं अशी काही चिकटलेली की काकूंनाही दोन रविवार लागले. ज्या दिवशी ती सुटायची होती त्या दिवशी दोघंही हजर. बाळू दारापाशी, शांताराम खिडकीपाशी, एकमेकांकडे पाठ करून.

काकूंनी फुंकर घातली, बोट सरकवलं. पान वर आलं.

सरांनी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. "एकच घर आहे. दोन भाऊ. बाळू, तुमचे पणजोबा थोरले, शांतारामांचे धाकटे." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "पुढं लिहिलंय, चूल एक."

 मला वाटलं आता भांडण होणार. निलेशनं कागद हळूच बाजूला घेतला.

शांताराम खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "सर, म्हंजे आमी भावकी?"

"हो. सरळ भावकी."

"म्हंजे गेल्या शिमग्याला याची आई गेली..." ते थांबले. आमच्यापैकी कुणाकडे बघावं ते त्यांना कळेना. शेवटी काकूंकडे बघितलं. "तिचं सुतक लागत होतं मला. मी तर त्या दिवशी घरात पोळ्या खाल्ल्या गो."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"उशिरा कळलं तर काय करायचं असतं?"

"अंगावर पाणी घ्यायचं," काकू म्हणाल्या. "कळलं का लगेच."

शांताराम उठले. टोपी काढून सरांच्या टेबलावर ठेवली, पायरी उतरले आणि शाळेच्या हापशाखाली जाऊन कपड्यानिशी बसले. बसले खरे, पण हापसणार कोण?

निलेश पुढे झाला तर काकूंनी त्याला हातानं धरलं.

बाळू दारातच उभे होते. मग तेही पायरी उतरले, हापशापाशी गेले, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि हापसायला लागले.