माइकवर न पुकारलेली गाडी

नगरला एका स्टँडवर मी गाड्या पुकारायचो. आमच्या भोंग्यातून आवाज खूप यायचा, शब्द कमीच. धडधाकट कानाची माणसंही खिडकीशी येऊन विचारायची. त्यात एक काका होते. नागापूरच्या कारखान्यात आयुष्यभर प्रेस मशीनवर काम करून त्यांचे कान गेलेले. देवळाली प्रवराच्या एका गाडीसाठी ते पाच-पाच वेळा विचारायचे. मी वैतागायचो, शेवटी नुसता हात हलवायचो. आज त्याची लाज वाटते.

मग केबिनमध्ये एक लहानशी पेटी बसवली. मी माइकवर बोललेलं बिनतारी, थेट प्रवाशाच्या कानातल्या मशीनमध्ये जायचं. पेटीला जोडलेलं असलं की मशीन बाहेरचा गोंगाट आत येऊ द्यायचं नाही. काकांच्या मुलीने त्यांचं मशीन जोडून दिलं. त्या दिवशी ते खिडकीशी आले ते गाडीत चढण्याआधी, एवढंच सांगायला, "सायेब, आज कुनाला इचारावं लागलं न्हाई."

देवळालीला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. एके दिवशी निरोप आला, लगेच निघा. काका येऊन बाकावर बसले.

गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर लागली. आमची एक रीत होती. ठरलेली गाडी माइकवर पुकारायची, पण फलाट बदलला की खिडकीतून डोकं काढून ओरडायचं. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं. मी ओरडलो, माणसं पळाली, गाडी गेली. नंतर पाहतो तर काका बाकावरच, मान खाली घालून, कानावर हात धरून बसलेले. पुढची गाडी दीड तासाने होती.

बहिणीचं दहावं झाल्यावर ते आले. ते पोचायच्या थोडं आधीच ती गेली होती, शेवटपर्यंत त्यांचंच नाव घेत. मशीन त्यांनी तपासून आणलं होतं, त्यात काही दोष निघाला नव्हता. "मंग मलाच डुलकी लागली आसंल," ते म्हणाले. "आदल्या राती जागा हुतो."

मी खरं काय ते सांगू लागलो, पण गाड्यांच्या घरघरीत त्यांना काही कळेना. ते पुन्हा पुन्हा कानाकडे बोट दाखवत होते. पेटी आणि भोंगा एकाच बटणावर चालायचे. सगळा स्टँड ऐकणार होता. मी माइक हातात घेतला.

"काका, तुमचं मशीन चांगलं आहे. त्या दिवशी गाडी मी माइकवर पुकारलीच नाही. खिडकीतून ओरडलो. चूक माझी आहे."

चालक-वाहक माझ्याकडे बघत राहिले. काका खिडकीचे गज धरून उभे होते. ते मला शिव्या घालतील असं वाटलं, आणि घालायलाच हव्या होत्या. त्यांनी डोळे पुसले.

"म्हंजी मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले.