वाटीतली चिमूट
मधाचा वास आला की ती वाटी डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या महायुद्धातून खंगून रजेवर आलेल्या आमच्या मालकांना उंब्रजच्या वैद्यांनी ताकदीसाठी शिशाचं भस्म दिलं होतं. “पुडी उघडली की चिमूटभर पाण्यावर टाका. तरंगलं तरच द्या. बुडालं तर कच्चं, म्हणजे विषच,” त्यांनी मला बजावलं होतं. दुसऱ्या पुडीतली चिमूट वाटीत तळाला गेली. “आवं, बदलून आणते,” मी म्हटलं. “दे गं, पलटणीत जायाचंय. बुडालं काय, तरंगलं काय, पोटातच जायाचं,” ते हसले. मीही हसले आणि ती पुडी संपेपर्यंत मधातून चाटवली. पोटाच्या कळांनी तळमळत ते गेले. सासूबाईंनी विचारलं, “पाण्यात टाकून बघितली व्हतीस न्हवं?” मी ‘व्हय’ म्हटलं. ते खोटं नव्हतं. चिमूट बुडाली होती, हे मात्र आज पहिल्यांदा सांगतेय.