बुस्टर जळला म्हणून सांग

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आमच्या ह्यांच्याजवळही नाही — आणि आता तर हेही राहिले नाहीत. मुलाला सांगायला एकदा तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि मला सुटल्यासारखं झालं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? — नसतं.

गोष्ट टी.व्ही.ची आहे. टी.व्ही.चं काय एवढं मनाला लावून घ्यायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटवून घ्यायचं होतं.

लाखांदूरला आमची धानाची गिरणी होती. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. नागपूरला तांदूळ घेऊन गेलेला ट्रक एकदा परत आला, तो भाताच्या तणसात नीट बसवलेला टी.व्ही. घेऊनच. लाकडी पेटी, पुढं सरकती दारं. मी त्याच्यावर भरतकामाचा रुमाल टाकला आणि रोज सकाळी देवाच्या आधी त्याची धूळ पुसू लागले. हसताय ना? हसा. तेव्हा आमच्या आळीत दुसरा टी.व्ही. नव्हता.

चित्र मात्र सहजी यायचं नाही. कौलांच्या वर लांब पाइप, त्याच्या टोकाला अँटेना, मधे चित्राला जोर देणारा तो बुस्टर. हे कौलांवर चढून पाइप फिरवायचे आणि मी अंगणातून ओरडायची — मुंग्या आहेत, आणखी फिरवा. आता माणूस दिसते, पण एकाचे दोन दिसतात! थंडीत चित्र जरा बरं यायचं, असं आम्हाला उगीच वाटायचं. डिसेंबरात धानाची मळणी उरकत आलेली असायची. गिरणीच्या अंगणात कोंड्याची ऊब, अंगावर शाल, मांडीवर सोलायला घेतलेल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचं सूप, आणि समोर अजून सुरू न झालेला टी.व्ही. सुरू व्हायच्या आधीपासून आम्ही त्याच्या पुढं बसून असायचो. नुसता करडा पडदा बघत. आता खोलीखोलीत टी.व्ही. आहे, पण तसं बसणं काही पुन्हा झालं नाही.

बघायला येणाऱ्यांत सिस्टरबाई होत्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्स. नाव मार्था, पण गावात कुणी ते घेत नसे. सगळ्यांना त्या सिस्टरबाई. मूळच्या नगरकडच्या, नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी. गावात ख्रिस्ती असं त्यांचंच एक घर. दिवाळीनंतर लोकांनी माळ्यावर टाकलेला एखादा कागदी आकाशकंदील त्या मागून घ्यायच्या, त्याला नवा कागद लावायच्या आणि डिसेंबर लागला की क्वार्टरच्या दारात टांगायच्या. तेवढाच गावातला नाताळ.

माझा मुलगा त्यांच्या हातचा. पोटात आडवा होता. भंडाऱ्याला न्यायला गाडी मिळेना, तेव्हा ही बाई दोन दिवस माझ्या उशापासून हलली नाही. मी आज आहे ती त्यांच्यामुळे, असं आमच्या सासूबाई चारचौघांत सांगायच्या. मीही सांगायची. हे मुद्दाम सांगते — म्हणजे पुढचं मी कुणाशी केलं, ते तुम्हाला नीट कळेल.

रविवारच्या सिनेमाला सिस्टरबाई यायच्या. खुर्ची दिली तरी दाराजवळ खालीच बसायच्या आणि बोलता बोलता माझ्या सुपातल्या शेंगा सोलून टाकायच्या. त्यांची मुलगी एस्तेर मुंबईला नर्सिंग शिकत होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. सुटी लागली की ती नगरला आजीकडे जायची आणि सिस्टरबाईच तिकडे जाऊन भेटायच्या. त्या वर्षी डिसेंबरात पोस्टातल्या फोनवर तिचा निरोप आला. होस्टेलच्या मुलींची गाणी टी.व्ही.साठी घेतली होती. नाताळच्या संध्याकाळी दाखवणार होते. एस्तेर पुढच्याच रांगेत, डावीकडून दुसरी.

निरोप आला त्याच दिवशी सिस्टरबाई भर दुपारी आमच्याकडे आल्या. पायात चप्पल दोन जोडांची — एक दवाखान्यातली, एक घरातली. माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी तेवढा टी.व्ही. माझ्यासाठी लावाल ना?" आता ह्याला काय उत्तर असतं? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं.

मग सगळा महिना त्या वाट बघण्यात गेला. खरं सांगते, मीसुद्धा वाट बघत होते. आमच्या ओळखीचं माणूस टी.व्ही.त दिसणार — अशी गोष्ट तोवर कुणाकडे घडली होती? सिस्टरबाई सुया टोचायला, बाळंतिणी बघायला गावभर हिंडायच्या आणि जातील तिथं सांगायच्या. पलीकडे बौद्ध झालेल्या घरांची वस्ती होती. तिथली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. तिथल्या बायांनी ठरवूनच टाकलं, सिस्टरबाईची पोरगी पाहायला आपण सगळ्या जायचं. आमच्याकडे कामाला येणारी सरू त्याच वस्तीतली. तिनंच मला हसत हसत सांगितलं, वयनी, दोन सतरंज्या जास्तीच्या काढून ठेवा.

मी काढल्या होत्या. खरंच काढल्या होत्या.

मग नाताळच्या आदल्या दिवशी हे घरी आले ते सांगत, की तालुक्याला नवे बदलून आलेले साहेब उद्या संध्याकाळी बायको-मुलांना घेऊन चहाला येणार. त्यांच्या घरी अजून टी.व्ही. नाही, मुलं मागं लागली आहेत. ह्यांचं त्या साहेबांकडे काही काम होतं असंही नाही. नुसतं येणार होते.

पण मी? मी त्या बाईला बाजारात एकदा पाहिलं होतं. नागपूरची, इस्त्रीची साडी, बिनबाह्यांचं पोलकं, बोलणं पुस्तकातल्यासारखं. मी सातवी झालेली. तिनं माझं घर बघावं, सोफा बघावा, कपबशा बघाव्यात — आणि त्याच वेळी माझ्या बैठकीत वस्तीतल्या बाया पोरांना पाजत सतरंजीवर बसलेल्या असणार? साहेबीणबाईच्या पायाशी? बाई मनात काय म्हणतील, कुणाकुणाला घरात बसवते ही? मी हे ह्यांना बोलले नाही, फक्त एवढंच म्हटलं की उद्या गर्दी होईल. हे म्हणाले, "येऊ दे न सगळ्यायले. टी.व्ही. का झिजते?" आणि गिरणीकडे निघून गेले.

म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईही बोलल्या नव्हत्या. जे केलं ते मी केलं.

नाताळच्या दिवशी दुपार कलल्यावर मी सरूला बोलावलं. म्हटलं, "सिस्टरबाईले सांग, बुस्टर जळला म्हणून. वस्तीतही सांग. आज काही दिसत नाही."

सरूनं वर कौलांकडे पाहिलं. मग गेली.

दुपार कलेपर्यंत का थांबले होते मी? सकाळी नाही का सांगायचं? ह्याचं उत्तर मला माहीत आहे. सकाळी सांगितलं असतं तर हे छपरावर चढले असते. दुपारी ते पवनीला गेले होते, पाहुण्यांच्या वेळेलाच येणार होते. एवढा हिशेब मी केला होता. जो नव्हता केला तो दुसऱ्या दिवशी कळला.

साहेब आले, बाई आल्या, मुलं आली. पोहे झाले, चहा झाला. बाई छान होत्या — साध्या, बोलक्या. नाताळचा कार्यक्रम लागला. आणि त्या संध्याकाळी चित्र इतकं स्वच्छ आलं, की ह्यांनाच नवल वाटलं. एकही मुंगी नाही. पांढऱ्या साड्यांतल्या मुली दोन रांगांत उभ्या. पुढच्या रांगेत, डावीकडून दुसरी.

मी तिला लगेच ओळखलं. अगदी सिस्टरबाईंची हनुवटी. वरचा सूर लावताना ती हनुवटी जरा उचलायची आणि डोळे मिटायची. दोन वेण्या वर बांधलेल्या. एकदा कॅमेरा फक्त तिच्यावर आला — एकटी तिचीच मुद्रा, सगळा पडदाभर. गाताना हसू दाबल्यासारखं करत होती. कुणीतरी आपल्याला बघत असणार, हे माहीत असल्यासारखं.

हे म्हणाले, "सिस्टरबाई काहून नाही आल्या आज?" मी म्हटलं, त्यांना दवाखान्यात काम निघालं. इतक्या सहज म्हटलं. आणि कपबशा न्यायला म्हणून सरू आत आली. ती परत आलेली मला माहीतच नव्हतं. ट्रे हातात धरून ती पडद्याकडे बघत उभी राहिली. गाणं संपेपर्यंत. मग ट्रे घेऊन गेली. मागे मोरीवर मी गेले, तेव्हा वर न बघता एवढंच बोलली, "मले खोटं सांगाले काहून लावलं, वयनी?"

मी साहेबीणबाईंना सोडायला फाटकापर्यंत गेले. बाईंनी घराचं कौतुक केलं. मला ते ऐकू आलं, पण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाई डबा घेऊन आल्या. करंज्या, शंकरपाळे, घरच्या कुकरमध्ये केलेला केक. माझा हिरमोड झाला असेल म्हणून मलाच समजावत होत्या — यंत्र आहे, बिघडायचंच, तुम्ही काय करणार. मग म्हणाल्या, दुपारच्या एस.टी.च्या आधी कळलं असतं तर भंडाऱ्याला गेले असते; तिथं त्यांच्या मैत्रिणीच्या शेजारी टी.व्ही. होता. हे त्या तक्रार म्हणून नाही बोलल्या. मी डबा रिकामा करून त्यात साखर घालून परत दिला. रीत पाळली.

त्या वेळी त्यांना खरंच माहीत नव्हतं. हे मला नक्की सांगता येतं, कारण पुढं जेव्हा त्यांना कळलं, तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

तुम्हाला वाटेल, झालं सांगून. नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच कुणाला तरी सांगून टाकलं असतं. माणूस चारचौघांना भितो, खोटं बोलतो. सांगायला लाज वाटते, पण सांगता येतं. जे सांगता येत नाही ते पुढं आहे.

जानेवारी निम्मा झाला असेल. सिस्टरबाई रविवारी यायच्या बंद झाल्या होत्या. आणि एका दिवशी, आठवड्याच्या मधेच, आल्या. घरात मी एकटी. ह्या वेळी त्या दाराजवळ बसल्या नाहीत, माझ्यासमोर पाटावर बसल्या. चहा घेतला. बाळाचा खोकला विचारला. मग कप खाली ठेवला आणि म्हणाल्या —

"ताई, कशी दिसत होती हो माझी पोर?"

आवाजात राग नव्हता. हे तुम्हाला कसं पटवू? सरूनं सांगितलं असेल, नाहीतर ह्यांच्या बोलण्यातून निघालं असेल. मी कधी शोधलं नाही. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते सगळं बाजूला ठेवून त्या फक्त एवढंच मागायला आल्या होत्या. का केलं, असं विचारत नव्हत्या. कशी दिसत होती, ते विचारत होत्या. जे त्यांना बघायला मिळालं नाही, ते माझ्या डोळ्यांत होतं, आणि ते मी दोन वाक्यांत देऊ शकत होते. हनुवटी तुमच्यासारखी. हसू दाबत होती. पडदाभर दिसली.

मी म्हटलं, "मी कुठं पाहिली, सिस्टरबाई? बंदच होता ना त्या दिवशी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्या मला आणखी थोडा वेळ देत होत्या. मी सूप ओढलं आणि शेंगा सोलायला लागले. त्यांनी हात पुढं केला नाही.

"बरं," म्हणाल्या. उठून कप स्वतःच आत नेऊन ठेवला आणि गेल्या.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. गावानं निरोप दिला, हारतुरे झाले. मी साडी घेऊन गेले होते. त्यांनी ती घेतली, माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही दोघी इतरांसारख्याच बोललो. सरू त्यानंतरही कितीतरी वर्षं आमच्याकडे कामाला होती. पण टी.व्ही. चालू असला की ती त्या खोलीत थांबली नाही. तोवर तर गावात घरोघर टी.व्ही. आले, आमचा रंगीत झाला, वस्तीतल्या बायांना आमच्या सतरंजीची गरज राहिली नाही.

मुलाच्या नोकरीमुळे मी पुढं मुंबईला राहून आले. एस्तेर कुठल्या हॉस्पिटलात लागली, ते मला ठाऊक होतं. त्याच्या दारावरून बसनं जायची. उतरले नाही. एकदाही नाही.

सिस्टरबाई आता असतील की नसतील, मला माहीत नाही. विचारलं तर कळेल, पण विचारत नाही. ते गाणं पुन्हा दाखवलं गेलं असेल, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. आता तेही सांगत नाही.

मी त्या पोरीला पाहिलं होतं. तिच्या आईनं मला विचारलं, आणि मी नाही म्हटलं.