पदर घेतलेल्या गोळ्या

दूध वर यायला आणि दाराची कडी वाजायला एकच गाठ पडली. सिंधूने पदरानेच पातेलं खाली घेतलं. तिचे यजमान वामनराव तोंडाला साबण फासून आरशासमोर बसलेले. ते काही उठणार नव्हते.

दारात शेजारच्या क्वार्टरमधले बुधाजी. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. एरवी पायरीखालूनच हाक मारणारा माणूस, आज उंबऱ्याशी उभा होता.

"बाई, घडीभर तिच्यापाशी बसता काय? आज तिले उठताच येऊन नाही राहिलं. अन् मले ड्यूटी सोडता येत नाही."

"तुम्ही जा. मी आहे."

अंगणातून जाताना सिंधूला सुपात वाळत घातलेल्या गोळ्या दिसल्या. जवसाच्या दाण्यासारख्या, तपकिरी, चकचकीत.

बुधाजीची भागीरथा हिवरखेडची. लग्नाआधी अकोल्याच्या जिनात कापूस निवडायला जायची. यंत्रांच्या गदारोळात ओरडून बोलायची सवय लागली, ती कायमची. नळावर तिचा आवाज आला की बाकीच्यांची भांडणं मिटत. त्यांना बोलायला जागाच उरत नसे. बासष्ट साली तिच्या मानेत गाठी आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि गोळ्या दिल्या. गाठी बसल्या खऱ्या. पण केस गेले, आणि ओकाऱ्या अशा की घोटभर पाणी टिकेना. नळ मुका झाला.

बुधाजीला ते बघवेना. त्यांनी परतवाड्याहून लाखेचा चपडा आणला, सुतार पॉलिशला वापरतात तोच. स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात गोळ्या घोळवल्या. दवाखान्यातल्या काही गोळ्यांना असा लेप असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"पोटात आंबट रस असते," त्यांनी तेव्हा सिंधूला समजावून सांगितलं होतं, "त्यात चपडा विरत नाही. खाली आतड्यात आंबटपणा सरला का मंग विरते, अन् गोळी तिथं उघडते. पोटाले तरास नाही. खरं म्हणाल तं गाठीपाशीच उघडणारी गोळी पायजे, बाकी आंगाले हातबी न लावणारी. करन कोणीतरी पुढं."

"म्हणजे नवरीच झाली वो बाप्पा," अंथरुणातून भागीरथा म्हणाली होती. "पदर घेऊन चालली. सासर आल्याबिगर तोंड दाखवणार नाही!"

चपड्याचा एक हात दिला, तरी ओकारी आली. दुसरा दिला. तिसऱ्या हाताला थांबली. भागीरथा पिठलं-भाकर खाऊ लागली, डोक्यावर केसांची लव आली. बुधाजीने शेजारीपाजारी गूळ वाटला. पुढे गाठी परत वर आल्या, तेव्हा सगळे म्हणाले, रोगच हटवादी.

आज खोलीत शिरल्या शिरल्या भागीरथाने तोंड भिंतीकडे वळवलं. "तुमी नका करू वो, बाई. तुमच्यानं होणार नाही."

"गप्प बस," म्हणत सिंधूने शौचाचं भांडं तिच्याखाली सरकवलं, मग उचलून मोरीत नेलं. पाणी ओतायला वाकली आणि थबकली. तळाशी गोळ्या होत्या. अख्ख्या. अंगणातल्या सुपात होत्या तशाच चकचकीत.

ती बाहेर आली तेव्हा भागीरथा तिच्याकडेच बघत होती.

"दिसल्या? नवरीनं सासरी पदर काढलाच नाही, बाई."

"तुला माहीत होतं? अगं, मग गप्प का राहिलीस? एकच हात द्या म्हणावं चपड्याचा, नाहीतर गोळी तशीच घे! मी आत्ता जाते दवाखान्यात—"

"बसा. गाठ आता छातीत उतरली. डॉक्टरनं त्यायले बाहेर धाडून मले सांगतलं. आता कोन्तीच गोळी चालत नाही."

"पण पहिल्यांदा दिसलं, तेव्हा तरी सांगायचं!"

"सांगणारच होते. मोरीतून तोच विचार करत आले. तं हे चुलीपाशी जेवून राहिले होते. मी बिमार पडल्यापासून पयल्यांदा आपल्या हातानं दुसरी भाकर घेतली त्यायनं. म्हटलं, आज जेवू दे, उद्या सांगीन. मंग त्या उद्याचा उद्या झाला." थोडा दम खाऊन ती म्हणाली, "अन् मलेबी ओकाऱ्या नको झाल्या होत्या. खोटं काहून बोलू?"

सिंधू खाटेच्या कडेवर टेकली. उघड्या दारातून सुपातल्या गोळ्या दिसत होत्या. ऊन त्यांच्यावर आलं होतं.

"आजवर मी उठत होते, म्हणून निभलं," भागीरथा म्हणाली. नळावरचा तो आवाज आता उशीपुरताच उरला होता. "बाई, मी हाओ तोवर हे भांडं तुमीच धुवा. त्यायले धुऊ देऊ नका."